तोरा प्रीतीनं पाळायची आणि सोबतीनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तोरेविषयी, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या आज्ञांविषयी, आहेत आणि बहुतेक बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) घरांतून येतात. मुंबई-ठाण्याची नोकरी करणारी मुलं विचारतात, अलिबाग-पनवेलकडची वडीलधारी विचारतात, इस्राएलमध्ये वाढलेली मराठी नातवंडं विचारतात. काही प्रश्न ज्यू नसलेल्या मराठी माणसांचेही आहेत. उत्तरं आपल्या परंपरागत, सेफारदी (मूळच्या स्पेनच्या ज्यूंच्या) चालीला धरून दिली आहेत. घरातली अडचण अगदी वेगळी असेल तर आपल्या हझानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) किंवा रब्बींना (धर्मगुरूंना) प्रत्यक्ष भेटून विचारा.

१. तोरा पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं? ६१३ आज्ञा कोणाला जमणार?

एकट्याला जमणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. २४८ 'कर' आणि ३६५ 'करू नकोस' अशी ही गणती आहे. त्यातल्या कितीतरी आज्ञा यरुशलेमच्या मंदिराशी बांधलेल्या आहेत, आणि ते मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झालं. काही फक्त कोहेनांना, म्हणजे याजक घराण्यांना, लागू आहेत, काही फक्त इस्राएलच्या भूमीत शेती करणाऱ्यांना. म्हणजे मुळातच तोरा सगळ्या लोकांनी मिळून पाळायची आहे. प्रत्येकाच्या वाट्याला तिचा थोडा थोडा भाग येतो.

आपल्या रोजच्या घरात जे येतं ते असं: सकाळ-संध्याकाळ शेमा (परमेश्वर एकच आहे असं म्हणणारी प्रार्थना), शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस), सण आणि रोजे (उपास), कोषेर (तोरेप्रमाणे चालणारं खाणं), दारावर मेझुझा (शेमाची वचनं असलेली डबी), मुलग्याची आठव्या दिवशी सुंता, दानधर्म. इथपर्यंतची यादी सगळ्यांना पाठ असते. पुढची विसरली जाते. लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय एकदा सलग वाचून बघा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नकोस, बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस, वजनमापात लबाडी करू नकोस, पिकल्या केसांसमोर उठून उभा राहा. शब्बाथ पाळण्याची आज्ञा याच अध्यायात, याच आज्ञांच्या शेजारी आहे. कामवाल्या बाईंचा पगार महिन्याच्या महिन्याला वेळेवर देणं हेही तोरा पाळणंच आहे.

२. 'परमेश्वरावर प्रीती कर' ही आज्ञा कशी असू शकते? प्रेम काय सांगून होतं?

मला स्वतःला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. अनुवाद या तोरेतल्या पुस्तकात (६:५) पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं, पूर्ण शक्तीनं प्रीती कर असं म्हटलं आहे. पण लगेच पुढची वचनं वाचा. ही वचनं मुलाबाळांना शिकव, घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोल, हाताला बांध, दारावर लिही. प्रीती कर म्हटल्यावर तोरा हातापायांना काम लावते. १२ व्या शतकातले धर्मपंडित रंबाम (मायमोनिदीस) सांगतात की परमेश्वराची कामं आणि त्याच्या आज्ञा यांचा विचार करता करता त्याची ओढ लागते. तशी ओढ लागलेला माणूस बक्षिसासाठी किंवा शिक्षेच्या भीतीनं काही करत नाही. जे खरं आहे ते खरं आहे म्हणून करतो. मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, सोखोच्या अँटिगोनसचं वचनही हेच आहे: पगाराच्या आशेनं मालकाची सेवा करणाऱ्या चाकरांसारखे होऊ नका.

कोकणातल्या आपल्या वाडवडिलांकडे बघा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, आणि ग्रंथ समुद्रात गेले, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेमाचं पहिलं वचन मात्र त्यांच्या तोंडी राहिलं. जन्माला तेच, लग्नाला तेच, मयताला तेच. पुढचा सगळा पाठ विसरलेल्या माणसांनी एक वाक्य शेकडो वर्षं धरून ठेवलं. भीतीपोटी धरलं म्हणावं, तर ते सोडलं असतं तरी त्यांना जाब विचारणारं तिथं कोणी नव्हतं.

३. मी सगळं करतो, पण आतून काही वाटत नाही. हा दांभिकपणा नाही का?

नाही. तलमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ, सांगतो, हेतू शुद्ध नसला तरी माणसानं तोरा आणि आज्ञा यांत गुंतून राहावं, कारण त्यातूनच पुढे शुद्ध हेतूनं करणं येतं. लोकांनी आपल्याला धार्मिक म्हणावं म्हणून केलं तर तो दांभिकपणा. कोरड्या मनानं, पण परमेश्वरासाठी केलं, तर ती निष्ठा आहे. कोरडे महिने प्रत्येकाला येतात. माझा सल्ला एवढाच: अशा वेळी आज्ञा वाढवू नका, सोबत वाढवा. एकट्यानं म्हटलेली प्रार्थना लवकर यांत्रिक होते (प्रश्न ७ पाहा).

४. पूर्वजांना हिब्रू येत नव्हतं, हनुक्का हा दिव्यांचा सणही ठाऊक नव्हता. त्यांनी पाळली ती तोरा म्हणायची का?

हो. आणि याची परीक्षाही झाली, असं परंपरा सांगते. दाविद रहाबी हे बाहेरचे ज्यू धर्मशिक्षक कोकणात आले, तेव्हा ही माणसं खरोखर इस्राएलची का हे बघायला त्यांनी बायकांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली. बायकांनी पंख आणि खवले असलेली मासळी तेवढी (तोरेप्रमाणे तीच चालते) निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. मग रहाबींनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं आणि त्यांना काझी, म्हणजे धर्माचे प्रमुख, नेमलं.

शनिवारी घाणे बंद, म्हणून गावानं आपल्याला 'शनिवार तेली' म्हटलं. तेल गाळून पोट भरणाऱ्या घरानं आठवड्यातला एक दिवस उत्पन्नावर पाणी सोडलं होतं, हे या नावामागे आहे. सणही राहिले आणि मराठी नावांनी राहिले: नव्याचा सण (नवं वर्ष), खिरीचा सण, दरफळणीचा सण (योम किप्पुर, पापक्षमेचा उपास), बिरड्याचा रोजा. हनुक्का नव्हता, कारण ज्या घटनेवरून तो सुरू झाला तिच्या आधीच पूर्वज निघाले होते, असं परंपरा मानते. त्यांना जे मिळालं होतं ते त्यांनी पाळलं.

५. शनिवारी ऑफिस असतं. शब्बाथ सोडून द्यावा का?

सोडू नका. पण मी आज्ञेला सूटही देत नाही: शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत काम नाही, हीच आज्ञा आहे. नोकरी शोधताना पहिल्याच मुलाखतीत हे सांगा, 'रविवारी येईन, तुमच्या सणांच्या दिवशी येईन, शनिवार मोकळा द्या' असं स्पष्ट म्हणा. विचारलं नाही तर 'नाही' गृहीत धरलं जातं. विचारल्यावर पुष्कळ ठिकाणी तोडगा निघतो. आता तर अनेक कचेऱ्यांत पाच दिवसांचाच आठवडा असतो.

तोपर्यंत जे हातात आहे ते घट्ट धरा. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला ही वेळ पावणेसहाच्या आसपास येते, जून-जुलैत सातच्या. हिवाळ्यात लोकलच्या गर्दीतून वेळेत घरी पोचणं कठीण, म्हणून स्वयंपाक गुरुवारी रात्री उरकायची अनेक घरांत रीत आहे. किद्दुशला (द्राक्षरसावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाला) कोषेर वाईन मिळत नसेल तर काळ्या मनुका भिजवून केलेलं आपलं शरबत आहेच, आजीच्या काळापासून. फोन बंद, सगळे एका ताटाभोवती. शुक्रवारची रात्र नीट पाळणाऱ्या घरात शनिवारची सकाळ परत यायला वेळ लागतो, पण ती येते. अर्धा शब्बाथ मोडला म्हणून उरलेला अर्धाही टाकून द्यायचा, हा हिशेब तोरेचा नाही.

डॉक्टर, नर्स, अग्निशामक यांचं वेगळं आहे. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

६. मुंबईत कोषेर कसं खायचं? शेजाऱ्यांच्या घरी जेवायचं की नाही?

महाराष्ट्रात राहणाऱ्याला कोषेर पाळणं तुलनेनं सोपं आहे, कारण शुद्ध शाकाहारी जेवण इथे कोपऱ्यावर मिळतं. मासळीत पापलेट, सुरमई, बांगडा, रावस, हलवा हे आपल्या घरांत चालत आले आहेत. कोळंबी, चिंबोरी, शेवंड, तिसऱ्या, कालवं, माकूळ, मुशी, पाकट नाहीत. मटण-कोंबडी शोहेतच्या (धर्मनियमानं कापणाऱ्याच्या) हातची लागते. आपल्याकडे पुष्कळदा हझानच हे काम करतो. ते मिळत नसेल तर त्या दिवशी डाळभात खावा.

मांस आणि दूध एकत्र नाही, यावर आपल्या बायकांनी शोधलेला उपाय म्हणजे नारळाचं दूध. रस्सा त्यातच. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधात होतो, त्यामुळे तो मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो.

शेजारच्या काकूंनी प्रेमानं बोलावलं तर जा. काय चालत नाही ते आधीच सांगून ठेवा. मराठी घराला उपास-तापास, सोवळं-ओवळं, कांदा-लसूण वर्ज्य, हे सगळं नवीन नाही, कोणी वाईट मानत नाही. त्यांच्या भांड्यांचा प्रश्न कडक पाळणाऱ्यांनी आपल्या रब्बींना विचारावा. फळं आणि चहा यांनी कोणाचं मन मोडत नाही.

७. आमच्या गावात दहा पुरुष जमतच नाहीत. मिन्यानशिवाय (दहा जणांच्या जमावाशिवाय) प्रार्थनेला अर्थ आहे का?

अर्थ आहे. मिश्नेत म्हटलं आहे की दहा जण तोरेसाठी बसले तर शेखिना (परमेश्वराचं सान्निध्य) त्यांच्यात असते. मग पाच, तीन, दोन असं करत करत एकट्यापर्यंत तेच आश्वासन दिलं आहे. तेव्हा एकटे असाल तरी शेमा म्हणा, अमिदा (उभ्यानं म्हणायची प्रार्थना) म्हणा, आठवड्याचा पाराशा (तोरेतला भाग) वाचा. कद्दिश (मयतासाठीही म्हणतात ती स्तुती), केदुशा, बारेखू या प्रार्थना आणि सेफेर (तोरेची गुंडाळी) काढून आशीर्वादांसह वाचन या गोष्टींना मात्र तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतातच.

आता मनातलं बोलतो. १९४८ नंतर आपली बहुसंख्य माणसं इस्राएलला गेली. आज सगळ्या भारतात ज्यूंची संख्या काही हजारांवर आली आहे. रेवदंड्याचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) बेथ एल १८४२ चं, अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं. भिंती भक्कम आहेत, बाकं पुसलेली आहेत, नऊ माणसं बसली आहेत आणि दारात कोणाच्या चपला वाजतात का म्हणून ऐकत आहेत. वडिलांच्या वर्षश्राद्धाला कद्दिश म्हणायला आलेला मुलगा दहावा न मिळाल्यामुळे नुसता बसून परत जातो. मुंबईत घरी सुट्टी घालवणाऱ्या माणसाला आपण दहावे आहोत हे माहीत नसतं.

म्हणून असं करा. वर्षातले काही शब्बाथ ठरवून गावाकडे काढा. शब्बाथला वाहन चालत नाही, तेव्हा शुक्रवारी दुपारीच मांडव्याची बोट धरा, अलिबागच्या इस्राएल आळीत नातेवाइकांकडे उतरा, शनिवारी रात्री किंवा रविवारी परता. गावातल्यांनी एक खोली पाहुण्यांसाठी मोकळी ठेवावी. मयताचा वार्षिक दिवस असलेल्या घरानं महिनाभर आधी दहा नावं पक्की करावीत, आदल्या दिवशी नव्हे. हिल्लेल या जुन्या गुरूनं सांगितलं आहे, समाजापासून वेगळा होऊ नकोस. ते आज आपल्यासाठी प्रवासाच्या तिकिटाइतकं साधं झालं आहे.

मिन्यान लागत नाही असंही पुष्कळ आहे. १८८० पासून आपल्याकडे मराठी कीर्तनं होत आली, आब्राहाम, योसेफ यांची आख्यानं लावून. ती अंगणात होतात, बायकामुलं येतात, शेजारीही येऊन बसतात.

८. बायकांना मिन्यानमध्ये मोजत नाहीत. मग आमची जागा कुठे?

पारंपरिक हलाखेत (धर्मनियमांत) मिन्यानची मोजणी पुरुषांची आहे, हे खरं, आणि अनेकींना ते लागतं हेही खरं. मी ते झाकत नाही. पण तोरा कोणी टिकवली असं विचाराल तर प्रश्न ४ मधली मासळी पुन्हा आठवा. शब्बाथचे दिवे, घराचं कोषेर, सणाची तयारी, मुलांच्या तोंडी शेमा घालणं, हे सगळं बायकांच्या हातून आलं. प्रार्थना करायला स्त्रीला कोणाची परवानगी लागत नाही. तलमूदनं प्रार्थनेचे नियम शिकवताना शमुवेलची आई हन्ना हिचाच दाखला घेतला आहे.

मुंबईत दुसरी वाटही आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियनच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि त्यातून उदारमतवादी प्रार्थनेची परंपरा इथे रुजली. मी स्वतः जुन्या वाटेचा आहे, पण तिकडे जाणाऱ्या बहिणींशी बोलणं तोडणारा नाही.

९. मलिदा तोरेत कुठे आहे? आणि नवस बोलावा का?

मलिदा तोरेत नाही. ती आपली चाल आहे. गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट मांडतात, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण करतात, फळांवर आशीर्वाद म्हणतात. आशीर्वाद मात्र हलाखेचे आहेत: झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतल्या फळाचा वेगळा. म्हणून ताटावर घाई करू नका, मुलांना एकेक फळ हातात देऊन त्याचा आशीर्वाद म्हणायला लावा. एलियाहू हन्नाबींना प्रार्थना करायची नसते. प्रार्थना एकाच परमेश्वराला. ते प्रकटले असं सांगतात त्या, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर जातानाही हे ध्यानात असू द्या.

नवसाबद्दल अनुवाद २३ स्पष्ट आहे: नवस केला तर फेडायला उशीर करू नकोस, केलाच नाहीस तर त्यात पाप नाही. केलेला नवस कसा फेडावा याचं उदाहरण मांडवीत उभं आहे. सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाआर हाराहमीम, बांधलं. स्वतःच्या सुटकेची भरपाई त्यांनी सगळ्यांना जमता येईल अशा जागेनं केली.

१०. मला मधुमेह आहे. दरफळणीला डॉक्टरांनी उपास नको सांगितलं. काय करू?

डॉक्टरांचं ऐका. 'त्यांच्या योगे माणूस जगेल' असं लेवीय १८:५ सांगतं, आणि जीव वाचवण्यापुढे शब्बाथ आणि योम किप्पुर दोन्ही मागे सरतात. धोका असताना उपास करणं ही जास्तीची भक्ती ठरत नाही. तसं करायला मनाई आहे. किती आणि कसं खायचं हे डॉक्टर आणि रब्बी दोघांना आधीच विचारून ठेवा. पांढरे कपडे घाला, प्रार्थनेला बसा, लाज बाळगू नका. रुग्णालयात ड्यूटीवर असणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

११. हिब्रू वाचता येत नाही. मराठीत प्रार्थना चालते का?

चालते. शेमा, अमिदा आणि जेवणानंतरचा आशीर्वाद कोणत्याही भाषेत म्हणता येतो, असं मिश्नेतच आहे. मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, पुण्यात १८७४ मध्ये. तरी अक्षरं शिका. मराठीतून हिब्रू शिकण्यासाठी व्याकरण १८३२ मध्येच निघालं होतं; ते लिहिणारे डॉ. जॉन विल्सन मिशनरी होते. आपल्या लोकांनी त्यांच्याकडून भाषा घेतली आणि आपली तोरा आपल्यापाशीच ठेवली.

१२. मी ज्यू नाही, पण तोरेवर प्रेम आहे. शनिवार पाळतो, डुक्कर खात नाही. तुमच्यात येऊ शकतो का?

पाहुणे म्हणून आनंदानं या. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरीमन हाऊस या ज्यू केंद्रावर जे झालं, त्यानंतर सिनेगॉगमध्ये सुरक्षा असते; आधी विचारा, ओळखपत्र आणा, डोकं झाका.

श्रद्धेबद्दल सरळ सांगतो. तोरेप्रमाणे इतर लोकांवर नोहाच्या सात आज्ञा आहेत: मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, व्यभिचार आणि चोरी नको, जिवंत जनावराचं मांस नको, आणि न्यायव्यवस्था असावी. त्या पाळणाऱ्या सज्जनाला येणाऱ्या जगात वाटा आहे, त्यासाठी ज्यू व्हावं लागत नाही. शब्बाथ ही परमेश्वर आणि इस्राएल यांच्यातली खूण आहे, त्यामुळे तो तुमच्यावर बंधनकारक नाही. ख्रिस्ती वाचकांशी आपले पवित्र ग्रंथ काही प्रमाणात सारखे आहेत, श्रद्धा मात्र वेगळी आहे; ती वेगळी आहे हे मान्य करूनच मैत्री नीट राहते. मिन्यानमध्ये मोजणी होणार नाही आणि आमच्यात धर्मप्रचार करू नये, एवढंच मागणं. खरोखर ज्यू व्हायचं असेल तर ती बेथ दीनपुढची (धर्मन्यायालयापुढची) लांबची वाट आहे आणि रब्बी आधी परतवतात.

१३. इस्राएलमध्ये आमच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. त्यांच्याशी भाऊपणा कसा मानायचा?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली. आपल्या माणसांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत अशी ग्वाही मिळवली. ती जखम जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. त्यांनी रस्त्यावर बसून हक्क मागितला, पण दिमोना, लोद, अश्दोद, बेरशेबा इथे सिनेगॉगही बांधत राहिले. अपमान करणाऱ्याकडून न्याय मागा; त्याच्या चुकीपायी स्वतःची तोरा सोडू नका.

१४. सिनेगॉगमध्ये भांडण झालं, तेव्हापासून जाणं बंद केलंय. घरीच पाळतो. चालेल ना?

प्रश्न ७ प्रमाणे घरची प्रार्थना चालते, पण तुमची अडचण दहाव्या माणसाची नाही. लेवीय १९ म्हणतं: भावाचा मनात द्वेष करू नकोस, त्याला तोंडावर चूक सांग, सूड घेऊ नकोस, डूख धरू नकोस, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. आधी तोंडावर सांगणं, मग प्रीती. गप्प राहून घरी बसण्यात यातली एकही गोष्ट होत नाही.

मिश्नेतला नियम असा की माणसा-माणसातली चूक योम किप्पुरनंही धुतली जात नाही, जोवर दुखावलेल्याला जाऊन भेटत नाही तोवर. तेव्हा दरफळणीच्या आधी त्यांच्या घरी जा. फोन किंवा निरोप नको. चूक त्यांची असेल तर शांतपणे सांगा, तुमची असेल तर माफी मागा. पहिल्यांदा दार उघडलं नाही तर पुन्हा जा. रंबाम तीनदा जायला सांगतात, तेही सोबत माणसं घेऊन. मध्ये एखादा वयस्क हझान किंवा दोन्हीकडचा मामा घेतला तर उत्तम.

आणि पुढच्या शब्बाथला प्रार्थना संपल्यावर हातबोशी (एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावणं) सुरू होईल, तेव्हा मागच्या दारानं निघू नका. बाकाला लागून उभे राहा आणि त्यांच्यापुढे हात करा.